उजवं पान

बाईंना बीट आवडत नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्याबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकतो. बाकी त्या मूळच्या कुठल्या, कुठल्या धर्माच्या, घरी आईवडील कोणती भाषा बोलायचे, यातलं मला काहीही माहीत नाही. सात वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं. ज्या बाईंनी उभा जन्म पोरांना अल्पसंख्याकांचा इतिहास शिकवला, त्या स्वतः कुणातल्या हे लीड्समधल्या त्या शाळेत एकालाही सांगता येत नव्हतं. मला अजूनही येत नाही.

'बाई' हा माझा शब्द. मुलं त्यांना 'मिस' म्हणत आणि बाकीचे शिक्षक सरळ नावानं हाक मारत. साठीच्या वरिष्ठ बाईंना नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी 'मिस' म्हणायला मन तयार होईना. म्हणून मी त्यांना कशानंच हाक मारत नसे. जवळ जाऊन खाकरत असे. त्यांनी एकदा मला खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या. मनातल्या मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून बाईच होत्या.

मी नागपूरचा. तिथं एका ज्युनिअर कॉलेजात अकरा वर्षं इतिहास शिकवला, म्हणजे नोट्स उतरवून दिल्या. बायको भूलतज्ज्ञ, तिला लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मी मागोमाग आलो. दोन वर्षं घर सांभाळलं. माझ्या पोळ्या गोल व्हायला लागल्या तेव्हा मला धास्ती बसली आणि मी शिक्षकाच्या ट्रेनिंगला अर्ज केला. ट्रेनिंग म्हणजे एक वर्ष शाळेत उमेदवारी आणि वर्षाच्या शेवटी, ज्यांच्या हाताखाली ती केली त्यांची सही. सही नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर पुन्हा पोळ्या. माझी सही बाईंच्या हातात होती.

बाई ठेंगण्या होत्या. बारा महिने पुरुषी मापाचा एकच रेनकोट घालत आणि दोन चष्मे वापरत, एक नाकावर, एक केसांत. दोन्ही वाचायचेच. रोज अकरा वाजता स्टाफरूमच्या खिडकीशी उभ्या राहून एक उकडलेलं अंडं खात. शुक्रवारी तीनच्या ठोक्याला सायकल काढून निघून जात, आणि वर्षातून काही दिवस कुणाला काही न सांगता येतच नसत. या एवढ्या सामग्रीवर स्टाफरूममध्ये तीन पक्ष पडले होते. शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ लागतो, म्हणून तीन वाजण्यावरून एक पक्ष त्यांना ज्यू ठरवत होता, गणिताचे शिक्षक त्या वेल्श असल्याची ग्वाही देत होते, आणि ऑफिसातल्या बाईंच्या मते त्या आयरिश होत्या कारण त्यांना सहानुभूती फार होती. दरवर्षी शाळेत एक फॉर्म यायचा, तुमचा वंश कोणता, धर्म कोणता. बाई 'सांगू इच्छित नाही' या चौकोनात खूण करत आणि खाली पेन्सिलीनं लिहीत, 'गेल्या वर्षीही इच्छित नव्हते.'

मी एकदा बायकोला म्हटलं, बाई नक्की कोण असतील? ती म्हणाली, "अरे, तू नागपूरहून इथे येऊनही पहिला प्रश्न तोच विचारतोस?" मी विषय बदलला. पण मला माहीत करून घ्यायचंच होतं, हे कबूल करतो.

बाईंकडे बिस्किटांचा एक जुना टिनचा डबा होता. सप्टेंबरात इयर नाइनची, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची मुलं नव्यानं वर्गात आली की बाई डबा फिरवत. त्यात चिठ्ठ्या. यॉर्कमधले मध्ययुगातले ज्यू, फ्रान्सहून पळून आलेले प्रोटेस्टंट ह्यूगनॉट, कॅथलिक, युद्धाला नकार देणारे क्वेकर, आयरिश, गाड्यांतून फिरणारे भटके ट्रॅव्हलर, शीख, युगांडाहून आलेले गुजराती, काश्मिरातल्या मीरपूरहून आलेले गिरणी कामगार. जी चिठ्ठी येईल त्या लोकांबरोबर सहा महिने काढायचे. नियम एकच, पण कडक: स्वतःच्या लोकांची चिठ्ठी निघाली तर ती परत टाकून दुसरी काढायची. शीख मुलीला शीख मिळायचे नाहीत. पोरं कुरकुरत. मलाही तो नियम उलटा वाटला. मी आपला समजत होतो की लहान समाजांचा इतिहास शिकवायचा तो त्या समाजाच्या पोरांना अभिमान वाटावा म्हणून. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, अभिमान घरी शिकवतात.

खरी गंमत वह्यांची होती. मुलानं लिहायचं ते फक्त डाव्या पानावर. उजवं पान कोरं. लिहून झालं की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यातलं एक जिवंत माणूस शोधायचं आणि वही त्याच्यापुढे ठेवायची. उजवं पान त्याचं. त्यानं काहीही लिहावं. बाई डाव्या पानाला मार्क देत, पण उजवं पान भरून आल्याशिवाय देत नसत. आणि उजव्या पानावर जे असेल ते खोडायचं नाही, चूक असलं तरी. मेलेल्यांचं काय करायचं, असं एका पोरानं विचारलं. त्याला ह्यूगनॉट मिळाले होते. बाई म्हणाल्या, त्यांचे वंशज फोनच्या यादीत आहेत, त्यांना बहुतेक माहीत नाही एवढंच. पोरगा खरोखर एका दाताच्या डॉक्टरला शोधून घेऊन आला.

एका पोरानं चलाखी केली. चिठ्ठी बाजूला ठेवून त्यानं खुद्द बाईंवरच चार पानं लिहिली. त्या पोलिश आहेत असा त्याचा सिद्धांत. पुरावे भक्कम होते: आडनावाचं शेवटचं अक्षर, थंडीत टोपी न घालणं, आणि एकदा दुकानात त्यानं त्यांना पोलिश लोकांच्या आवडत्या बीटच्या बरण्यांसमोर बराच वेळ उभं पाहिलं होतं. बाईंनी वही शांतपणे घरी नेली. सोमवारी सगळा वर्ग, आणि खोटं कशाला बोलू, मीही, त्या वहीवर तुटून पडलो. उजव्या पानावर एकच वाक्य होतं: 'मला बीट आवडत नाही.' पोराला मार्क पूर्ण मिळाले.

उपमुख्याध्यापकांना या वह्या पाहवत नसत. तरुण माणूस, गळ्यात तीन-तीन ओळखपत्रं, हातात टॅबलेट. तपासणीला कुणी आलं तर अर्ध्या कोऱ्या वह्या दाखवायच्या कशा, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो रास्त वाटायचा. आमच्याकडे समासात जरी जागा राहिली तरी मास्तर खवळत. त्यांनी बाईंना सौम्यपणे सुचवलं की निदान उजव्या पानावर चित्रं चिकटवावीत. बाई म्हणाल्या, पान माझं नाही, परवानगी देता येत नाही.

पालक सभेला एक टॅक्सीवाले गृहस्थ आले, मीरपूरचे, इस्त्रीचा कोट घालून. बसायच्या आधीच बोलायला लागले. आमच्या मुलाला तुम्ही क्वेकर शिकवता, त्याच्या आजोबांचं काय? आजोबांनी इथल्या लोकरीच्या गिरण्यांत हाडं झिजवली, त्याचा धडा कुठाय? मी बाईंच्या शेजारी बसलो होतो आणि मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एक वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांच्या मुलाच्या शेजारच्या बाकावरच्या एका मुलीला मीरपूरचे गिरणी कामगार मिळाले होते. तिनं त्या मुलाच्या आजोबांच्या पिढीवर सात पानं लिहून ठेवली होती आणि कुणाला दाखवावीत हे तिला कळत नव्हतं. गृहस्थांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, खिशातून पेन काढलं. सगळे पालक निघून गेले तरी ते लिहीत होते. जाताना मला म्हणाले, कापूस नाही, लोकर, सांगा त्या मुलीला, पण बाकी फार मेहनत केली आहे तिनं. मग दारातून परत आले आणि क्वेकर म्हणजे नक्की कोण ते विचारून गेले.

फेब्रुवारीत बाईंनी डबा माझ्यापुढे धरला. शिकवणाऱ्यानं आधी एक वही भरायची, सही त्यानंतर. मी चिठ्ठी काढली तर ती कोरी निघाली. बाईंनी ती माझ्या हातून घेतली, पेन्सिलीनं काहीतरी लिहून परत दिली. लिहिलं होतं: 'तुमच्या शाळेतले अल्पसंख्य.'

मी म्हटलं, "आमच्या वर्गात तसं कुणी नव्हतंच."

हे मी थोड्या तोऱ्यातच म्हटलं. साठ मुलं, सगळी मराठी बोलणारी, आमच्यात कसला भेद नव्हता वगैरे मी त्यांना ऐकवलं. बाईंनी विचारलं, साठच्या साठ एका धर्माची? मी म्हटलं, हो. त्यांनी केसांतला चष्मा नाकावर घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मग फारच वेगळी शाळा, सविस्तर लिहा.

घरी जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात हजेरी घेतली. मी शाळेत पाच वर्षं मॉनिटर होतो, साठ नावं मला अजून क्रमानं पाठ आहेत. तेराव्या नावाशी मी अडखळलो, मग सतराव्याशी, मग एकविसाव्याशी. आमच्या वर्गात बारा-तेरा मुलं बौद्ध होती. दीक्षाभूमी आमच्या शाळेपासून सायकलवर दहा मिनिटांवर. जिथं लाखो माणसांनी धर्म बदलला त्या गावातला मी, आणि त्यातून इतिहासाचा मास्तर, आणि मी परक्या बाईला ठासून सांगत होतो की आमच्यात वेगळं कुणी नव्हतं. खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. माझा स्टॉप कधी गेला ते कळलं नाही.

एकविसावं नाव माझ्या मित्राचं होतं. माझा विसावा नंबर, त्याचा एकविसावा. मी त्याच्यावर लिहायचं ठरवलं. डावी पानं भराभर भरली. दसऱ्याच्या आगेमागे त्याच्या अंगणात खेड्यापाड्यांतून दीक्षाभूमीला आलेली माणसं उतरायची, भाकऱ्यांची गाठोडी घेऊन, आणि तो दिवसभर पाणी द्यायचा. दसऱ्यानंतर दोन दिवस तो शाळेत यायचा नाही, आणि हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे कारण लिहायच्या रकान्यात मी, मॉनिटर, लिहायचो: 'विनाकारण.' आमच्या इतिहासाच्या सरांनी नववीत धर्मांतराचा धडा घरी वाचून घ्या म्हणून सोडून दिला. मित्रानं उठून विचारलं, सर, शिकवणार नाही का, आणि वर्ग हसला, मीही हसलो. हे सगळं मी लिहिलं. मी स्वतः कॉलेजात अकरा वर्षं तो भाग प्रिलिम जवळ आली म्हणून 'स्वयंअध्ययन' असा शेरा मारून सोडला, हेही लिहिलं. लिहिताना रडू येईल असं वाटलं आणि थोडं आलंही. आणि या सगळ्याच्या मधोमध, तोलाला, मी आमचा बाक लिहिला. पाच वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. त्यावर कर्कटकानं कोरलेली दोघांची अक्षरं, मधली सुट्टी, त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी. ते माझं सगळ्यात चांगलं पान होतं.

मग उजवं पान. शाळेच्या ग्रुपवरून मित्र कधीच बाहेर पडला होता. कुणाकडून तरी नंबर मिळवला. तो नागपुरातच वीज कंपनीत इंजिनिअर. मी भलामोठा मेसेज टाकला. उत्तर आलं, "अबे, तू कुठं मेला होता इतके वर्षं?" मला हायसं वाटलं. मी डाव्या पानांचे फोटो पाठवले. त्यानंतर तीन आठवडे काही नाही. जून उजाडला, माझी सही अडलेली. बायको म्हणे, "तू इतका स्ट्रेस घेऊ नकोस, तो बिझी असेल, रिमाइंडर टाक." मी टाकला नाही. भीती वाटत होती.

मग एका सकाळी एका कागदाचा फोटो आला. निळ्या शाईत, सुंदर अक्षर. तीनच मुद्दे.

'१. आमच्याकडे लोक उतरायचे, भाकरी त्यांची, पाणी आमचं, हे बरोबर. शाळेत न येण्याचं कारण तू कधी विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही.

२. सरांनी धडा सोडला हे बरोबर. पण तू हसला नव्हतास. तुझं लक्षच नव्हतं, तू वहीवर तारीख टाकत होतास.

३. आपण एका बाकावर बसत नव्हतो. तू पहिल्या, मी शेवटच्या. परीक्षेत रोल नंबरप्रमाणे तेवढे शेजारी.'

तिसरा मुद्दा मी किती वेळा वाचला ते विचारू नका. तो चुकत होता. मला ती अक्षरं दिसत होती, बाकाचा खडबडीतपणा बोटांना आठवत होता. वांग्याची भाजी तर जिभेवर होती. पाच वर्षं माणूस स्वप्नात बसतो का? मी प्रिंट काढून उजव्या पानावर चिकटवली आणि सोमवारी वही बाईंकडे दिली. त्या म्हणाल्या, ही नक्कल आहे, अस्सल शाई हवी होती, पण चालवून घेते.

गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. वही उघडी होती. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, म्हणून म्हणाल्या, वाचून दाखवा. मी एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत गेलो. पहिला मुद्दा जसाच्या तसा. दुसराही. तिसऱ्यापाशी थांबलो. बाहेर कुणीतरी बॉल भिंतीवर मारत होतं.

मी म्हटलं, "तो लिहितो की बाकाचं त्यालाही आठवतं."

बाईंनी मान हलवली, माझा फॉर्म ओढला आणि सही केली. मी शिक्षक झालो. त्या दिवशी बायकोनं केक आणला होता. तिनं कापला, मी खाल्ला, आणि ती नेहमीपेक्षा जरा गप्प होती हे माझ्या लक्षात आलं पण का ते मी विचारलं नाही.

त्याच शाळेत मला नोकरी मिळाली. सहा वर्षं मी डबा फिरवला, कोरी पानं जपली, उपमुख्याध्यापकांशी भांडलो. मुलांना सांगत राहिलो की उजवं पान खोडायचं नाही. दर वेळी मला माझी वही आठवे. मित्राला मी तेव्हा 'थँक्स भाऊ' एवढाच मेसेज केला होता. त्यानं अंगठा पाठवला. संपलं.

या जुलैत बाई निवृत्त झाल्या. निरोपाला बीटचं सॅलड ठेवलं होतं, कुणी ठेवलं कळलं नाही. तिन्ही पक्षांचे लोक शेवटची संधी म्हणून त्यांच्याभोवती घोटाळत होते. गणिताच्या शिक्षकांनी तर वेल्श गाणं म्हणून पाहिलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. जाताना त्यांनी मला डबा दिला, आणि डब्यात, चिठ्ठ्यांवर, दुमडून ठेवलेली माझी वही. मला वाटलं होतं ती केव्हाच रद्दीत गेली.

घरी येऊन उघडली. मित्राच्या कागदाखाली, उजव्याच पानावर, आणखी एक चिटोरा चिकटवला होता. तिन्ही मुद्द्यांचं स्वच्छ इंग्रजी भाषांतर. तिसऱ्यासकट. खाली तारीख, मंगळवारची, माझ्या त्या गुरुवारच्या दोन दिवस आधीची. आणि अक्षर माझ्या बायकोचं.

ती स्वयंपाकघरात होती. मी वही तिच्यापुढे धरली. तिनं बघितलं, गॅस बारीक केला.

"तुझ्या बाईनं फोन केला होता," ती म्हणाली. "म्हणाली, उजवं पान मी नेहमी दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घेते, ते रूटीन आहे. मी ट्रान्सलेट करून दिलं. मला वाटलं, तू सांगशील तिला. मग मला वाटलं, तू मला सांगशील."

सहा वर्षं एका घरात दोघं, आणि ती वाट पाहत होती. मला राग आला, तो तिचा की माझा हे मला ठरवता येईना. मी बाईंना फोन लावला. या वेळी खाकरलो नाही, सरळ विचारलं, तुम्हाला माहीत होतं, मी तुमच्यासमोर खोटं बोललो, मग सही का केली? मग बाई म्हणाल्या, "सप्टेंबरात इयर नाइनला माणूस हवा होता मला."

एवढंच. मी त्यावर दोन महिने विचार करतोय. हा टोमणा होता, क्षमा होती की नुसती शाळेची अडचण? त्या वर्षी त्यांना माझ्याऐवजी दुसरं कुणी मिळालं असतं तर मला घरी पाठवलं असतं का? माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे सहा वर्षं बसून त्या काय ऐकत होत्या, मुलांना मी पान खोडायचं नाही म्हणून दटावायचो तेव्हा? मला काही कळत नाही. जितका विचार करतो तितक्या त्या माझ्या हातून निसटतात.

सप्टेंबरात नवा वर्ग आला. डबा फिरवण्याआधी मी माझी वही फळ्याशेजारी प्रोजेक्टरखाली ठेवली, डावं पान, उजवं पान, चिटोरा, सगळं. मी वाचून दाखवलं आणि सांगितलं की यातली तिसरी गोष्ट मी माझ्या बाईंना खोटी सांगितली होती. मग पोरांनी विचारलं, सर, मग खरं कुणाचं, तुमचं का त्याचं? मी म्हटलं, मला अजून बाक आठवतो. माहीत नाही.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. "सर, तो शेवटच्या बाकावर का बसायचा, हे तुम्ही विचारलं का त्याला?"

सहा वर्षांत नव्हतं विचारलं. तो बसायचा की नाही यातच मी अडकलो होतो.

आठवड्याभरानं शाळा सुटल्यावर मी गाडीत बसून फोन लावला. दसरा जवळ आला होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मित्रानं उचलला तेव्हा मागे गलका होता, भांडी वाजत होती, कुणीतरी पाणी मागत होतं.

"बोल बे," तो म्हणाला. "पावणे उतरून राहिले इथं, लवकर बोल."

मी विचारलं. तो शेवटच्या बाकावर का बसायचा?

"अबे, तूच तर बसवायचा," तो म्हणाला. "सर सांगायचे आन् तू तक्ता लिहायचा. कोण कुठं बसन त्याचा. दरवर्षी जूनमध्ये. तुझं अक्षर चांगलं होतं ना."

तक्ता. पुठ्ठ्यावरचा, स्केचपेननं आखलेला, दाराजवळ खिळ्याला टांगलेला. तो मला त्या क्षणी लख्ख आठवला, रेघांसकट. माझी सगळी अक्षरं आठवली. नावं कुठं होती ते मात्र आठवेना, कितीही डोळे मिटले तरी.

मी म्हटलं, हे तू त्या कागदावर का नाही लिहिलंस? तो हसला, राग नव्हता त्यात. म्हणाला, "फोटोवर किती लिहिणार? जागा कुठं होती. वही पाठव, बसून लिहितो." मग कुणाला तरी ओरडून सांगितलं की रांजण भरा, आणि फोन ठेवला.

शनिवारी मी वही घेऊन पोस्टात गेलो. निघण्यापूर्वी बाईंना कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं, ट्रॅक्ड पोस्टानं पाठवा, अस्सल शाई येऊ दे. काउंटरवरच्या बाईनं कस्टम्सचा फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, आत काय. वही. नवीन की वापरलेली? अर्धी, मी म्हटलं. फॉर्मवर चौकोन होते, त्यातला एक निवडायचा: भेट, कागदपत्रं, विक्रीचा माल, परत केलेला माल, इतर. पेन घेऊन मी तसाच उभा. भेट म्हणावी तर मी काही देत नव्हतो. कागदपत्रं म्हणावी तर निम्म्या पानांवर काहीच नव्हतं. मागे रांग वाढत होती. एक म्हातारे गृहस्थ खाकरले, मी बाईंजवळ जाऊन खाकरायचो तसेच, हाक कशानं मारावी ते न कळून. मी 'परत केलेला माल' या चौकोनात खूण केली आणि पत्ता लिहायला घेतला.